केळझरचा गाडाभर भात आणि वर्ध्याचे सहा औंस

या वीकांताचा विषय स्वयंपाक आहे, पण पाककृती हव्या असतील तर निराशा होईल. (एक आहे, अगदी शेवटी, आणि तीही ओझरतीच.) विषय खरं तर इतिहासाचा आहे. साधं, पौष्टिक आणि खिशाला परवडणारं जेवण घरी बनवायचं म्हणजे नेमकं काय, किती आणि कोणाच्या जिवावर, हा हिशेब आपल्याकडे काही माणसं कागद-पेन्सिल घेऊन मांडायला बसली होती. जागा होती वर्धा, आणि साल १९३५. पण वर्ध्याला पोचण्याआधी वाटेत एक गाव लागतं, तिथे पाच मिनिटं थांबू.

नागपूरहून समृद्धीऐवजी जुन्या रस्त्याने वर्ध्याकडे निघालात तर बुटीबोरी मागे पडते आणि सेलूच्या अलीकडे केळझर येतं. टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत. आणि गावात कोणालाही विचारा, तो तुम्हाला ठामपणे सांगेल की महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच. भीमाने बकासुराला मारलं ते इथे. आता एकचक्रा आपलीच असं सांगणारी गावं बिहारपासून बंगालपर्यंत पसरलेली आहेत, तेव्हा या वादात मी पडत नाही. माझं आजोळ सेलू तालुक्यातलं असल्यामुळे माझं मत कोणाच्या बाजूने पडणार हे तुम्ही ओळखलंच असेल :)

बकासुराची गोष्ट लहानपणी मारामारीसाठी आवडते. घरखर्च स्वतः चालवायला लागलं की त्यातले दुसरेच तपशील डोळ्यांत भरतात. एक म्हणजे पांडव भिक्षा मागून आणत आणि कुंती तिचे दोन भाग करी. अर्धा एकट्या भीमाला, उरलेल्या अर्ध्यात बाकी सगळे. म्हणजे समान वाटप नाही, भुकेप्रमाणे वाटप. दुसरा तपशील जास्त महत्त्वाचा. बकासुराला पाळीपाळीने जे पोचवायचं, त्यात गाडाभर भात, दोन रेडे, आणि तो गाडा हाकत नेणारा माणूस, असं सगळं धरलेलं होतं. जेवणाच्या किमतीत ते वाहून आणणारा माणूसही होता! ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले होते तिथे रडारड चालली होती ती भातासाठी नव्हे, त्या माणसासाठी.

हा माणूस लक्षात ठेवा. केळझरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर वर्ध्यात जो हिशेब मांडला गेला, त्यात आपल्याला त्याला शोधायचं आहे.

वर्ध्याच्या हिशेबाची सुरुवात मात्र वर्ध्यातली नाही, लंडनमधली आहे. १८८८ साली अठरा वर्षांचा एक काठियावाडी मुलगा बॅरिस्टर व्हायला तिथे गेला. सुरुवातीला सूट, टोपी, नाचाचे क्लास, सगळं झालं. मग पैसे कुठे चाललेत हे त्याने लिहून ठेवायला सुरुवात केली, कारण घरून भाऊ पैसे पाठवत होता. आधी दोन खोल्यांचं भाडं एका खोलीवर आणलं, मग एक स्टोव्ह घेतला. सकाळी ओटची लापशी आणि कोको घरी, दुपारी बाहेर, रात्री पुन्हा पाव आणि कोको. दिवसाचा खाण्याचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला. हे सगळं गांधींनी आत्मकथेत लिहिलंय. हिंजवडीत किंवा बेंगळुरूत पीजीमधून फ्लॅटवर आलेल्या कुठल्याही मुला-मुलीला हे ओळखीचं वाटेल. आपल्यातल्या अनेकांनी असंच एका इंडक्शनवर सुरू केलेलं असतं.

त्यात त्यांनी एक आकडा दिलाय तो मला फार आवडतो. न्याहारी करायला जेमतेम वीस मिनिटं लागत असं ते सांगतात. म्हणजे पैशाबरोबर वेळही मोजलेला होता. स्वतः रांधणारा माणूस मिनिटं मोजतोच, कारण ती त्याची स्वतःची असतात.

आता थेट १९३४. ऑक्टोबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधी काँग्रेसच्या सभासदत्वातून बाहेर पडले, आणि त्याच अधिवेशनातल्या ठरावातून अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. डिसेंबरात वर्ध्यात त्याची स्थापना झाली. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर दिलं, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचं नाव पडलं मगनवाडी. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू. आणि काम चालवायला जे. सी. कुमारप्पा.

हे कुमारप्पा म्हणजे एक भन्नाट माणूस. जन्म तंजावरचा, १८९२ चा. लंडनला हिशेबनीस झाले, मुंबईत सूटबूट घालून ऑडिटचा व्यवसाय केला, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकले. १९२९ मध्ये साबरमतीला गांधींना भेटले आणि सूट सुटला तो सुटलाच. वर्ध्यात धोतर नेसून हा माणूस तेलाच्या घाण्याचा, गुळाचा, भाताच्या कोंड्याचा ताळेबंद मांडत बसला. चुलीवरच्या भांड्याचं ऑडिट करायला सनदी हिशेबनीस ही कल्पनाच मला जाम आवडते.

प्रश्न कोणता होता? खेड्यातल्या माणसाच्या हातात पैसा जवळजवळ नाही. तरी तो जे पिकवतो ते पुरेसं पौष्टिक असू शकतं. मग ते पोटात जाईपर्यंत वाटेत काय हरवतं? उत्तर होतं, कारखाना. तांदूळ गिरणीत पॉलिश होऊन येतो तेव्हा कोंड्याबरोबर जीवनसत्त्व जातं. उसाचा रस साखर कारखान्यात गेला की गावचा गुळाचा चुलाणा विझतो आणि क्षारही जातात. तीळ-जवस तेलगिरणीत गेले की पेंड गावात राहत नाही, म्हणजे बैलाचं खाणं गेलं. प्रत्येक वेळी दोन नुकसानं. पोषण जातं आणि मजुरीही जाते. आणि वर तोच माल पैसे देऊन विकत घ्यायचा!

तांदळाचं प्रकरण तेव्हा विज्ञानात ताजं होतं. १८९० च्या दशकात जावा बेटावर बटाव्हियात ख्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या आणि मग आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतला तर कारण स्वयंपाकी! आधी त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत होता. मग नवा स्वयंपाकी आला आणि त्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायला साफ नकार दिला. मग त्यांना कोंड्यासकट साधा तांदूळ मिळू लागला आणि त्या उठून चालायला लागल्या. त्या स्वयंपाक्याचं नाव कुठे दिसत नाही. आइकमनला १९२९ साली नोबेल मिळालं. जंतू नव्हताच, कोंड्यात जे होतं ते पॉलिश केलेल्या तांदळात नव्हतं. पुढे त्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणू लागले.

हिंदुस्थानात हेच काम निलगिरीवर कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन करत होते. त्यांनी उंदरांना वेगवेगळ्या प्रांतांतलं जेवण घालून वाढवलं. पंजाबातल्या शिखांचं जेवण, म्हणजे जाडीभरडी कणीक, दूध, डाळ, भाजी, यावरचे उंदीर धष्टपुष्ट झाले. पांढऱ्या भातावरचे मद्रासी-बंगाली उंदीर मागे पडले. त्यांच्यानंतर आलेल्या एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय पदार्थांतल्या पोषणमूल्यांची कोष्टकं असलेली पुस्तिका काढली. कुन्नूरची ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली, आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. तुमच्या फोनमधल्या कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्ये ज्वारीच्या भाकरीसमोर जो आकडा येतो, त्याचं मूळ अशा भारतीय कोष्टकांच्या कामात आहे.

वर्ध्याची मंडळी हे सगळं वाचत होती. गांधी डॉक्टरांना आणि शास्त्रज्ञांना पत्रं पाठवून विचारत होते की हातसडीचा तांदूळ आणि गिरणीचा तांदूळ यांत नेमका फरक किती, गूळ आणि साखर यांत किती. 'हरिजन' साप्ताहिकात १९३५ साली राजकारणाच्या जागी पालेभाज्या, चिंच, गूळ आणि कणीक यांवर लेख येत होते. मला यातली वृत्ती आवडते. पंगतीत बसून 'आमच्या आजीचं तेच खरं' म्हणणं सोपं असतं. इथे आजीचं काय खरं आणि काय नाही हे तपासून बघायची तयारी होती.

अर्थात तपासणी ज्यांच्या ताटात व्हायची त्यांचे हाल होते! गांधींनी मगनवाडीच्या स्वयंपाकघरात जातीने लक्ष घातलं. 'जातीने' शब्द वापरला खरा, पण तिथे स्वयंपाकघरात जात पाळत नसत, आणि १९३५ च्या वर्ध्यात ही लहान गोष्ट नव्हती. मसाले नाहीत. मीठ बेताचं. आणि कच्चा पाला. रानात फुकट उगवणारी पानं स्वच्छ धुऊन, न शिजवता, रोज जेवणात थोडी तरी खायची, हा त्यांचा त्या वर्षीचा ध्यास होता. म्हणणं अगदी बरोबर होतं. हिरवा पाला खेड्यात नुसता खुडायच्या कष्टावर मिळतो. पण त्यात कडुनिंबाची चटणीही आली. एक किस्सा सांगतात. कुमारप्पा वर्ध्यात नवे असताना गांधींनी त्यांच्या ताटात चमचाभर कडुनिंब वाढला. शेजारी वल्लभभाई पटेल होते. बापूंनी आधी शेळीचं दूध प्यायला सुरुवात केली आणि आता ते शेळीचा चाराही खायला लागलेत, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. सरदारांची जीभ ही अशी होती.

गंमत अशी की ज्या पाल्याचा शोध चालला होता तो वऱ्हाड-नागपूरकडच्या घरात होताच. पावसाळा लागला की शेताच्या धुऱ्यावर तरोटा उगवतो, घोळ आणि चिवळ पसरते, कुंजरा येतो, नंतर अंबाडी. आजोळी तरोट्याच्या कोवळ्या पानांची भाजी पहिल्या पावसानंतर व्हायचीच. बाजारात जाऊन कोणी ती विकत आणल्याचं मला आठवत नाही. माझ्या मते मगनवाडीचा पाला लोकांनी उचलला नाही याचं कारण पाला नव्हे, फोडणी. लसूण आणि मिरचीशिवाय तरोटा खा म्हणून नागपूरकडच्या माणसाला सांगणं म्हणजे त्याला उपोषणाला बसवणं!

दुसरा किस्सा भांड्यांचा. मगनवाडीत भांडी घासायच्याही पाळ्या होत्या. एकदा गांधी आणि कुमारप्पा यांची पाळी. दोघं राख-माती घेऊन काळीकुट्ट पितळी पातेली घासतायत. कस्तुरबा आल्या आणि नवऱ्याला रागावल्या की हे तुमचं काम नव्हे, ठेवा ते. त्यांनी पातेलं हातातून घेतलं आणि स्वतः घासायला बसल्या. गांधींनी हसत कुमारप्पांना म्हटलं की तुम्ही सुखी, तुमच्यावर हुकूम चालवायला बायको नाही. आणि घरातली शांतता राखायला ते उठून गेले.

किस्सा गोड आहे, पण मला तो वाचून जरा थांबावंसं वाटतं. पाळी एका पुरुषाची होती, पातेलं शेवटी कोणी घासलं? बा बोलल्या त्यात त्यांचं प्रेम होतं, सवय होती, पिढ्यांचा संस्कार होता, सगळं मान्य. तरी हिशेबात ती अर्ध्या तासाची नोंद बांच्या नावावर पडली.

आता मुख्य आकडे. १९४२ मध्ये पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात बैठं काम करणाऱ्या माणसाचा (म्हणजे मंडळी, तुमचा आणि माझा) रोजचा आहार दिलाय. गाईचं दूध २ पौंड. धान्य ६ औंस, मग ते गहू, तांदूळ, बाजरी काही असो. पालेभाजी ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, कच्ची भाजी १ औंस. तूप दीड औंस. गूळ किंवा साखर दीड औंस. फळं आवडीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. शिवाय रोज दोन लिंबं.

मी हे एक्सेलमध्ये घातलं. (सवय! हापिसात दुसरं काय करतो.) ६ औंस म्हणजे १७० ग्रॅम पीठ, म्हणजे सहा पातळ पोळ्या किंवा तीन भाकऱ्या, दिवसभरात. भाज्या सगळ्या मिळून पाव किलोच्या आसपास. तूप आणि गूळ प्रत्येकी बेचाळीस ग्रॅम. आणि दूध नऊशे ग्रॅम! सगळं जोडलं तर माझ्या हिशेबाने अठराशेच्या आसपास कॅलरी आणि पन्नासेक ग्रॅम प्रथिनं होतात. बैठ्या माणसाला हे आजच्या मापानेही नीट बसतं. साखर आणि तूप आजचा डॉक्टर थोडं कमी करायला सांगेल, एवढंच.

पण कोष्टकातला एक रकाना उचलून बघा. दूध काढलं तर प्रथिनांतली निम्म्याहून जास्त गेली. या आहारात डाळीला जवळजवळ जागाच नाही, कारण दूध भरपूर आहे आणि बसून काम करणाऱ्याला डाळ फारशी लागत नाही असं त्यांचं मत होतं. आज शहरात आपल्याला लिटरभर दूध साठ-सत्तर रुपयांना पडतं. चौघांच्या घरात रोज साडेतीन लिटरहून जास्त दूध आणून बघा, मग महिन्याचा आकडा सांगा. १९४२ च्या वर्धा तालुक्यातल्या शेतमजुराच्या घरी तर ते स्वप्नच. फळांपुढे 'ऐपतीप्रमाणे' लिहिणाऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. दुधाला वनस्पतींमधला पर्याय सापडावा ही त्यांची फार जुनी इच्छा होती. स्वतः १९१२ मध्ये दूध सोडून बसले होते आणि १९१९ च्या सुमारास आजारपणात शेळीच्या दुधावर तडजोड करावी लागली, ही बोच त्यांना जन्मभर होती.

म्हणूनच १९३५ मध्ये मगनवाडीत सोयाबीन शिजलं.

तेव्हा हे धान्य आपल्याकडे अगदी अनोळखी होतं. प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या घरात, तेल वीसच्या जवळ. कागदावर याहून स्वस्त आणि पौष्टिक काही नाही. 'हरिजन' मध्ये त्यावर लेख आले, ताटात वाढलं गेलं. पण चाललं नाही. घरी करून बघितलंत तर कारण कळेल. रात्रभर भिजवावं लागतं, ते पाणी फेकावं लागतं, मग कितीतरी वेळ शिजवावं लागतं, कारण कच्च्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. एवढं करून एक हिरवट वास उरतोच. तूरडाळ त्याच्या निम्म्या वेळात आणि निम्म्या सरपणात शिजते. पैशाच्या रकान्यात सोयाबीन जिंकलं, चुलीपुढच्या बाईच्या रकान्यात हरलं.

या सोयाबीनचं पुढे काय झालं ते केळझरच्या रस्त्यावर आजही दिसतं. १९८० आणि ९० च्या दशकांत मध्य प्रदेशाकडून हे पीक विदर्भात आलं आणि पसरलं. पावसाळ्यात बुटीबोरीपासून सेलूपर्यंत दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि सोयाबीन. गांधींनी ज्याच्यावर गरिबाच्या प्रथिनांची आशा ठेवली ते धान्य त्यांच्या आश्रमाच्या आसपासच्या शेतांत उभं आहे. फक्त ते ताटात येत नाही. ते कारखान्यात जातं, द्रावकाने त्याचं तेल काढतात, तेल पिशवीतून गावात परत येतं, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांना जाते. कोंबडी शहरात जाते. तेलाचं हे पाकीट आलं आणि जवसाचं तेल आमच्या आजोळच्या घरातून गेलं. मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी बैलाच्या घाण्यात सुधारणा केल्या होत्या, 'वर्धा घाणी' म्हणून ती नावाजली. आता 'लाकडी घाण्याचं' म्हणून तेच तेल पुण्यात तिप्पट भावाने मिळतं आणि आपण ते घेतो. असो.

तर रकान्यांकडे परत येऊ. ग्रामोद्योगवाल्यांचा युक्तिवाद असा होता: शेतकरी वर्षातले कित्येक महिने रिकामा असतो. त्या रिकाम्या हातांनी दळलं, कांडलं, घाणा चालवला तर त्या श्रमाला वेगळी किंमत पडत नाही, उलट गिरणीला जाणारे पैसे वाचतात. अर्थशास्त्र म्हणून हे पटण्यासारखं आहे, आणि कुमारप्पांनी तुरुंगात लिहिलेल्या, १९४५ च्या, शाश्वत अर्थव्यवस्थेवरच्या पुस्तकात निसर्गाकडून किती घ्यावं याचा विचार आज वाचतानाही थक्क करतो. पण रिकामे हात कोणाचे? पुरुषाचे असतील. पहाटे अंधारात जात्यावर बसणारी बाई वर्षातल्या कुठल्या महिन्यात रिकामी होती?

तिने काय सोसलं याचा पुरावा महाराष्ट्रात जितका आहे तितका क्वचितच कुठे असेल. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या. 'पारी' च्या संकेतस्थळावर त्यातल्या हजारो आवाजासकट ऐकायला मिळतात. माहेर, भाऊ, देव, सगळं त्यात आहे, आणि दंडाला आलेले गोळेही आहेत. ओवी सुंदर आहे म्हणून जातं सुंदर ठरत नाही. माझ्या आजीला गावात पिठाची गिरणी कधी आली हे नीट आठवायचं. स्वातंत्र्य कधी मिळालं यापेक्षाही नीट.

आणि इथे इतिहासाने एक छान मधली वाट काढली, जिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. मोठ्या रोलर मिलमध्ये कोंडा आणि अंकुर वेगळे काढून मैदा करतात. गावातली, गल्लीतली आपली गिरणी तसं करत नाही. तिथे दगडाचीच पाती, फक्त फिरवायला बाईचा दंड नाही, आधी तेलाचं इंजिन आणि मग वीज. जे दाणे टाकले ते सगळे पिठात येतात. म्हणजे मगनवाडीला हवं होतं ते पोषण राहिलं, आणि पहाटेचं दळण गेलं. डबा घेऊन गिरणीत नंबर लावणं ही मराठी घरातली इतकी रोजची गोष्ट आहे की हा एक तोडगा आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. मला वाटतं साध्या, पौष्टिक, स्वस्त जेवणाच्या दृष्टीने गेल्या शंभर वर्षांत गल्लीतल्या गिरणीइतकं काम कुठल्या चळवळीने केलेलं नाही. (वर्धेकरांनो, धपाटे प्रतिसादात घाला.) तिच्या जोडीला १९५९ पासून देशात बनू लागलेला शिट्टीचा कुकर धरा.

मगनवाडीला हे अजिबात सुचलं नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. बिनधुराची 'मगन चूल' तिथलीच, आणि ती चुलीपुढच्या बाईच्या डोळ्यांचा विचार करूनच झाली. आणि श्रमाच्या वाटणीचं सर्वात नीट उत्तर तर सेवाग्रामच्या शाळेत दिसतं. गांधी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्याहून सेगावला राहायला गेले. (सेवाग्राम हे नाव १९४० चं.) ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला, आणि आशादेवी व आर्यनायकम या दांपत्याने सेवाग्रामात नई तालीमची शाळा उभी केली. तिथे स्वयंपाकघर हा वर्गच होता. मुलगे आणि मुली पाळीने रांधत, भाजी पिकवत, किती माणसं, किती धान्य, किती खर्च याचं गणित करत. गणित आणि शरीरशास्त्र चुलीपाशी शिकायचं. इथे पैसा, पोषण आणि हात हे तिन्ही रकाने एकाच वहीत आले, कारण हिशेब लिहिणारा आणि पातेलं घासणारा एकच होता. पुढे अशा शाळा बहुतेक ठिकाणी मोडीत निघाल्या आणि आपण वर्गात बसून 'संतुलित आहार' या धड्यातले प्रश्न पाठ केले.

बरं, आता कबूल केलेली पाककृती. अंबाडीची भाजी, आमच्याकडची. एक जुडी अंबाडी, पानं खुडून, धुऊन, उकळत्या पाण्यात मऊ करायची आणि ते आंबट पाणी काढून टाकायचं. (गांधी इथे रागावले असते, त्यांनी ते प्यायला लावलं असतं.) अर्धी वाटी तूरडाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या कुकरमध्ये शिजवून, त्यात पानं घालून घोटायची. हिरवी मिरची, मीठ, सुपारीएवढा गूळ. वरून भरपूर लसणाची फोडणी, जवसाचं तेल मिळालं तर उत्तम. सोबत ज्वारीच्या भाकऱ्या आणि कच्चा कांदा. दोघांचं पोटभर होतं.

पैशाच्या रकान्यात दोघांचं मिळून बाहेरच्या एका थाळीपेक्षा कमी पडतं. वेळ मी मोजलाय: सगळं धरून पंचावन्न मिनिटं, त्यातली पंधरा नुसती जुडी निवडायला आणि दहा भांड्यांना. आमच्याकडे फ्रिजवर कागद लावलाय. निवडणं आणि भांडी माझ्याकडे, भाकरी बायकोकडे, कारण माझी भाकरी थापताना अजून फाटते. रविवारी अदलाबदल.